ब्रेंट-डायर, एलिनॉर
(६ एप्रिल १८९४ – २० सप्टेंबर १९६९). मुलींच्या शालेय जीवनावर कथा लिहिणाऱ्या ख्यातनाम इंग्रज लेखिका. जन्म इंग्लंडमधील साउथ शील्ड्स येथे. मूळ नाव ग्लॅडिस एलिनॉर मे डायर. लीड्स येथे शिक्षक-प्रशिक्षण घेऊन त्यांनी अध्यापन केले. ‘जेरी गोज टू स्कूल’ (१९२२) हे त्यांचे पहिले पुस्तक.

१९२४ मध्ये त्यांनी ऑस्ट्रियातील टिरोल प्रांताला भेट दिली. तेथील आखेन सरोवराकाठच्या पेर्टिसाऊ गावावरून ‘द स्कूल अ‍ॅट द शॅले’ची (१९२५) पार्श्वभूमी सुचली. आजारी धाकट्या बहिणीला मानवेल अशा डोंगराळ हवेत मॅज बेटनी शाळा काढते, येथून ‘शॅले स्कूल’ ही कादंबरी-मालिका सुरू होते. पुढे ती पन्नासांहून अधिक पुस्तकांपर्यंत वाढली. शाळेत अनेक देशांच्या मुली एकत्र राहतात आणि इंग्रजी, फ्रेंच व जर्मन भाषा आळीपाळीने बोलतात.

‘द शॅले स्कूल इन एक्झाइल’ (१९४०) ही मालिकेतील सर्वांत धीट कादंबरी होय. नाझी सत्तेखालील ऑस्ट्रियात एका वृद्ध ज्यू जवाहिऱ्यावर जमाव चालून येतो, तेव्हा शाळेतील मुली त्याच्या पाठीशी उभ्या राहतात. परिणामी त्यांना डोंगर ओलांडून स्वित्झर्लंडकडे पळावे लागते. युद्ध पेटले असताना सामान्य जर्मन माणूस आणि नाझी सत्ता यांतील फरक बालवाचकांपुढे ठामपणे मांडणे, हे या कादंबरीचे मोठे यश आहे.

१९३८ ते १९४८ या काळात त्यांनी हेरफर्ड येथे स्वतःची शाळा चालवली. रेडहिल येथे त्यांचे निधन झाले. मालिकेचे अखेरचे पुस्तक मरणोत्तर, १९७० मध्ये प्रसिद्ध झाले.