व्हिसिकॅल्कची हकीकत

एखादी लहान कंपनी मोठ्या कंपनींत विलीन झाली असें वर्तमानपत्रांत वाचलें, म्हणजे आपल्या तोंडीं सहजच मत्स्यन्यायाचा दाखला येतो. मोठा मासा लहान माशास गिळतो, त्यांत नवल तें काय, असें म्हणून आपण पुढील बातमीकडे वळतों. परंतु, श्रोतेहो, इतिहासाच्या अभ्यासकास इतक्या झटपट वळतां येत नाहीं. लहान मासा गिळला जाण्यापूर्वींच थकून गेला होता काय, आणि थकला असल्यास कशानें, हें त्यास पाहावें लागतें. संगणकाच्या आज्ञावल्या, म्हणजे ज्यांस आज आपण सॉफ्टवेअर म्हणतों त्या, तयार करणाऱ्या अशाच एका लहानशा अमेरिकन पेढीची हकीकत आज आपणांपुढें ठेवावयाची आहे. पेढीचें नांव सॉफ्टवेअर आर्ट्‌स. तिनें जगास व्हिसिकॅल्क ही आज्ञावली दिली, आणि सन १९८५ मध्यें ती लोटस नांवाच्या मोठ्या कंपनींत सामील झाली. आपलें स्वातंत्र्य तिनें नेमकें केव्हां गमाविलें, हा आजचा प्रश्न आहे.

हकीकतीचा आरंभ १९७८ सालीं हार्वर्ड विद्यापीठाच्या व्यापारशिक्षणाच्या शाळेंत होतो. तेथें डॅनियल ब्रिक्लिन नांवाचे एक तरुण विद्यार्थी शिकत होते. व्यापाराचे अंदाज बांधावयाचे म्हणजे उभ्या-आडव्या रकान्यांचे मोठमोठे तक्ते मांडावे लागत. त्यांतील एक आंकडा बदलला, कीं त्याच्यावर अवलंबून असलेले पुढचे सारे आंकडे पुसून पुन्हां मांडणें आलें. कीर्द-खतावणीवर ज्यांनीं आपली मान वांकविली आहे, त्यांस हें दुःख समजावून सांगावयास नको. एका ओळींतील चूक वर्षअखेरीच्या ताळेबंदापर्यंत कशी पाझरत जाते, हें प्रत्येक जुना कारकून जाणतो. ब्रिक्लिन हे त्यापूर्वीं संगणकावर मजकूर लिहिण्याच्या व दुरुस्त करण्याच्या आज्ञावल्यांवर काम करीत असत. पडद्यावर एक शब्द बदलला असतां बाकीचा मजकूर आपोआप सरकून जागा करून देतो, हें त्यांनीं पाहिलेलें होतें. शब्दांस जी सोय मिळाली ती आंकड्यांस कां मिळूं नये, असा विचार त्यांच्या मनांत आला. आणि त्या विचारांतून एका नव्या धंद्याचा उगम झाला.

ब्रिक्लिन यांनीं प्रथम एक कच्चा नमुना करून पाहिला. पक्की घडण त्यांचे मित्र रॉबर्ट फ्रँकस्टन यांनीं केली. दोघांची ओळख मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेंतील शिक्षणाच्या काळांत झालेली होती. १९७८-७९ च्या हिवाळ्यांत फ्रँकस्टन हे आर्लिंग्टन या गांवीं माळ्यावरच्या बिऱ्हाडांत बसून रात्रीं काम करीत, कारण त्यांच्या संस्थेच्या मोठ्या संगणकावरील वेळ रात्रीं स्वस्त मिळे. १९७९ च्या जानेवारींत दोघांनीं सॉफ्टवेअर आर्ट्‌स ही पेढी रीतसर स्थापन केली. त्यांनीं घडविलेल्या तक्त्यांत ६३ उभे रकाने व २५४ आडव्या ओळी होत्या. प्रत्येक घरांत आंकडा, शब्द किंवा गणिताचें सूत्र ठेवतां येई. एका घरांतील आंकडा बदलला, कीं त्यावर अवलंबून असलेलीं सर्व घरें क्षणांत नवा हिशेब दाखवीत. आज शाळेंतील मुलासही यांत कांहीं अपूर्व वाटणार नाहीं. पण ज्यांनीं तें प्रथम पाहिलें, त्यांस आपला आठवड्याचा राबता डोळ्यांदेखत संपतांना दिसला.

आतां या पेढीच्या व्यवहाराची घडण पाहूं. कारण पुढील सर्व घटनांचें बीज तींत आहे. सॉफ्टवेअर आर्ट्‌सनें आपला माल स्वतः विकला नाहीं. डॅनियल फिल्स्ट्रा यांच्या पर्सनल सॉफ्टवेअर या कंपनीशीं त्यांनीं करार केला. लेखक व ग्रंथप्रकाशक यांचा जो संबंध आपणांस परिचित आहे, तोच येथें योजिलेला होता. आज्ञावली रचावयाची आणि तिच्यांत सुधारणा करावयाच्या, हें रचनाकारांचें काम. जाहिरात करून ती विकावयाची, हें प्रकाशकाचें. विक्रीच्या उत्पन्नाचा तिसऱ्या हिश्शाहून कांहींसा अधिक भाग मानधन म्हणून रचनाकारांस मिळावयाचा होता. आज्ञावलीवरील हक्क रचनाकारांकडे राहिला. व्हिसिकॅल्क हें नांव मात्र प्रकाशकाच्या व्यापारी चिन्हांत गेलें. वस्तु एकाची आणि नांव दुसऱ्याचें, अशी ही वांटणी होती.

आरंभीं या वांटणींत कोणासही वावगें दिसलें नाहीं. १९७९ च्या ऑक्टोबरांत ॲपल कंपनीच्या ‘ॲपल टू’ या लहान संगणकासाठीं व्हिसिकॅल्क बाजारांत आली. तोंवर असे संगणक मुख्यतः हौशी लोकांच्या टेबलावर असत. व्हिसिकॅल्क आली आणि हिशेबनीस, दलाल, कारखानदार हे दुकानांत येऊन प्रथम ती आज्ञावली मागूं लागले, आणि ती चालविण्यासाठीं म्हणून संगणक विकत घेऊं लागले. सुमारें सहा वर्षांत तिच्या सात लाखांहून अधिक प्रती खपल्या. रचनाकारांनीं पेटंट घेतलें नव्हतें. त्या काळीं आज्ञावलीस पेटंट मिळण्याची आशा फारशी नाहीं, असाच कायदेपंडितांचा सल्ला होता. त्यामुळें त्यांच्या शब्दरचनेस संरक्षण होतें, कल्पनेस नव्हतें. कल्पना ज्यास समजली त्यास ती मोकळी होती.

ग्रंथ एकदां छापला कीं पुरा होतो. आज्ञावलीचें तसें नाहीं. नवा संगणक आला कीं तिला त्याच्याजोगें नवें रूप द्यावें लागतें. गिऱ्हाईक सरावलें कीं त्यास नव्या सोयी हव्या असतात. ग्रंथव्यवहारावरून बेतलेला करार अशा कधींही पुरा न होणाऱ्या वस्तूस लागूं केला, हेंच या प्रकरणांतील मूळ दुखणें होय. प्रकाशकास मानधनाचा मोठा वांटा जड वाटूं लागला. त्यानें १९८२ मध्यें आपल्या कंपनीचें नांवच व्हिसिकॉर्प असें ठेवलें, आणि आपलें बळ व्हिसि-ऑन या स्वतःच्या नव्या आज्ञावलीकडे वळविलें. इकडे सॉफ्टवेअर आर्ट्‌सनेंही समीकरणें सोडविणारी टीके सॉल्व्हर ही आपली स्वतंत्र आज्ञावली हातीं घेतली. दोघांचाही हिशेब आपापल्या दृष्टीनें चुकीचा नव्हता. परंतु ज्या वस्तूवर दोघांचेंही पोट चालत होतें, ती मधल्यामध्यें पोरकी झाली.

आणि नेमका तोच काळ बदलाचा होता. १९८१ च्या ऑगस्टांत आयबीएम कंपनीनें आपला वैयक्तिक संगणक बाजारांत आणला. त्याची शक्ति पूर्वीच्या यंत्रांहून अधिक होती. ती पुरती वापरील अशी नवी घडण हवी होती. ती घडण दिली मिचेल केपोर यांनीं. हे गृहस्थ पूर्वीं पर्सनल सॉफ्टवेअरमध्येंच कांहीं काळ काम करीत होते. व्हिसिकॅल्कच्या आंकड्यांचे आलेख काढणारी एक आज्ञावली त्यांनीं स्वतः रचली होती, म्हणजे या घरांतील बलस्थानें व उणिवा त्यांस आंतून ठाऊक होत्या. १९८२ मध्यें त्यांनीं लोटस कंपनी स्थापिली, आणि जोनाथन सॅक्स यांनीं रचलेली ‘वन-टू-थ्री’ ही आज्ञावली १९८३ च्या जानेवारींत विक्रीस काढली. हिशेबाचा तक्ता, आलेख आणि माहितीची नोंद, हीं तिन्ही कामें ती एका ठिकाणीं करी. म्हणून तें नांव. पहिल्याच वर्षीं लोटसची विक्री ५ कोटी ३० लाख डॉलरपर्यंत गेली. लोटसनें माल स्वतः घडविला आणि स्वतःच विकला, ही गोष्ट येथें ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

अशा वेळीं जुन्या दोन घरांनीं एकत्र बसून नव्या व्हिसिकॅल्कची सिद्धता करावयास हवी होती. तीं न्यायालयांत गेलीं. १९८३ च्या सप्टेंबरांत व्हिसिकॉर्पनें सॉफ्टवेअर आर्ट्‌सवर दावा लावला. सुधारलेली आवृत्ति वेळेवर दिली नाहीं, अशी प्रकाशकाची तक्रार होती. रचनाकारांनीं उलट दावा केला. सुमारें एक वर्ष या भांडणांत गेलें, आणि संगणकाच्या धंद्यांत एक वर्ष म्हणजे शेतकऱ्याचा सबंध पावसाळा. १९८४ मध्यें तडजोड होऊन वस्तु व नांव हीं दोन्ही एकदांचीं रचनाकारांच्या हातीं आलीं. परंतु नांव परत मिळालें तेव्हां तें नांव घेऊन दुकानांत येणारें गिऱ्हाईक उरलें नव्हतें. व्हिसिकॉर्पही पुढें दुसऱ्या कंपनींत मिसळून गेली. १९८५ मध्यें लोटसनें सॉफ्टवेअर आर्ट्‌सची मालमत्ता विकत घेतली, आणि लवकरच व्हिसिकॅल्कची विक्री बंद केली. ज्यांनीं तक्ता निर्मिला, त्यांचें घर तक्त्यानेंच मोठ्या झालेल्या घराच्या स्वाधीन झालें.

खरेदीखतांत काय काय विकलें जातें, याचाही एक धडा या प्रकरणानें घालून दिला. सॉफ्टवेअर आर्ट्‌सची जी कंपनी कागदोपत्रीं शिल्लक राहिली होती, तिनें १९८७ मध्यें लोटसवर दावा लावला. वन-टू-थ्री ही आपल्या व्हिसिकॅल्कची नक्कल आहे, असें तिचें म्हणणें होतें. अपील न्यायालयानें १९९० मध्यें निकाल दिला तो लोटसच्या बाजूनें. नक्कल झाली कीं नाहीं, या प्रश्नांत शिरण्याचें कारणच उरलें नाहीं. कारण १९८५ च्या करारान्वयें व्हिसिकॅल्कचे हक्क, आणि त्यांबरोबर त्या हक्कांवरून तक्रार करण्याचा अधिकारही, लोटसकडे गेला होता. घर विकतांना घराचें गाऱ्हाणेंही विकलें गेलें होतें.

माणसांचें काय झालें? फ्रँकस्टन यांनीं पुढें कांहीं वर्षें लोटसमध्यें काम केलें. ब्रिक्लिन यांनीं १९८५ मध्येंच सॉफ्टवेअर गार्डन ही दुसरी लहानशी पेढी काढली. केपोर यांनीं १९८६ मध्यें लोटस सोडली. आणि लोटस? तिच्याही तक्त्यावर मायक्रोसॉफ्टच्या एक्सेलनें मात केली. १९९५ मध्यें आयबीएमनें सुमारें ३५० कोटी डॉलर देऊन लोटस विकत घेतली. २०१३ मध्यें वन-टू-थ्रीची विक्री थांबली. लोटसची ‘नोट्स’ ही दुसरी प्रसिद्ध आज्ञावली तर २०१९ मध्यें आयबीएमकडून आपल्या नोएडाच्या एचसीएल कंपनीकडे आली. एवढें पाहून कोणी म्हणेल, हाच तो मत्स्यन्याय.

परंतु त्याच काळांतील दुसरें उदाहरण शेजारीं ठेवून पाहूं. फोरथॉट नांवाची कॅलिफोर्नियांतील एक लहान कंपनी. तिनें १९८७ च्या एप्रिलांत पॉवरपॉइंट ही आज्ञावली बाजारांत आणली, आणि त्याच उन्हाळ्यांत मायक्रोसॉफ्टनें ती कंपनी १ कोटी ४० लाख डॉलर रोख देऊन घेतली. फोरथॉट माल घडवीत होती आणि विकीतही होती. ती सामील झाली तेव्हां तिचा माल ताजा होता. तिच्या मंडळींस आपला गांव सोडावा लागला नाहीं. रॉबर्ट गॅस्किन्स यांच्या नेतृत्वाखालीं तीं कॅलिफोर्नियांतच राहून मायक्रोसॉफ्टचा एक स्वतंत्र विभाग म्हणून काम करूं लागलीं. पॉवरपॉइंट आजही जिवंत आहे. दोन्ही ठिकाणीं लहान घर मोठ्या घरांत गेलें. एक बळ अंगांत असतांना गेलें, आणि दुसरें गेलें तें बळ संपल्यावर.

म्हणून माझ्या मतें सॉफ्टवेअर आर्ट्‌सचें स्वातंत्र्य १९८५ च्या खरेदीखतानें गेलें असें म्हणणें म्हणजे दिवा विझल्याचा दोष पहाटेस देणें होय. तेल पूर्वींच सरलें होतें. वस्तु घडविणारा एक, तिचें नांव बाळगणारा दुसरा, आणि तिच्या भविष्याची काळजी वाहणारा कोणीच नाहीं, अशी व्यवस्था ज्या दिवशीं कागदावर उतरली, त्या दिवशींच या घटनेस आरंभ झाला. त्या दिवशीं सर्व जण आनंदांत होते, हीच त्यांतील ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट आहे. लहान पेढी चालविणाऱ्यानें मोठ्या कंपनीचें भय जितकें बाळगावें, त्याहून अधिक लक्ष आपल्या पहिल्या करारांतील शब्दांकडे द्यावें.

राहतां राहिली ती वस्तु. आयबीएमच्या संगणकासाठीं १९८१ मध्यें केलेली व्हिसिकॅल्कची प्रत ब्रिक्लिन यांनीं लोटसच्या परवानगीनें पुढें सर्वांस इंटरनेटवर खुली केली. तिचा आकार २८ हजार बाइटांहूनही कमी, म्हणजे आजच्या एखाद्या छायाचित्राच्या लहानशा अंशाएवढा. ती उघडली असतां डावीकडे खालपर्यंत ओळींचे क्रमांक दिसतात, वर रकान्यांचीं रोमन अक्षरें दिसतात, आणि पहिल्या घराचें नांव ‘ए वन’ असें असतें. आज कोणत्याही कचेरींत हिशेबाचा तक्ता उघडा. पहिल्या घराचें नांव तेंच आढळेल.