किनोसाकीचं गरम पाणी कुणाचं?

जपानमधल्या किनोसाकी ओन्सेन या गावात ऱ्योकानमध्ये, म्हणजे जुन्या पद्धतीच्या लाकडी सराईत, राहायला गेलात तर एक गोष्ट खटकते. एका रात्रीचं भाडं घसघशीत असतं आणि बाकी सगळं त्या भाड्याला साजेसं असतं. खोलीत तातामीच्या चटया, कागदी सरकती दारं, घडी घालून ठेवलेला सुती युकाता. जेवण एकामागून एक छोट्या छोट्या ताटल्यांमधून येतं. जेवून परत यावं तर खोलीत गाद्या घातलेल्या. पण ज्या गरम पाण्यासाठी इतका प्रवास केला, त्याचं न्हाणीघर मात्र एवढंसं. मी राहिलो तिथे चार माणसं बसली की पाचव्याने दाराबाहेर थांबायचं.

ऱ्योकानची मालकीण, जिला तिथे ओकामी म्हणतात, तिने पहिल्याच संध्याकाळी माझ्या हातात एक बारकोडवाला पास ठेवला आणि बाहेर जा असं सुचवलं. गावात सात सार्वजनिक न्हाणीघरं आहेत, त्यांना सोतोयु म्हणतात. ऱ्योकानमध्ये उतरलेल्यांना ती फुकट. मी आपला युकाता गुंडाळला (डावी बाजू वर, उजवी वर फक्त प्रेताला नेसवताना असते, हे तिने हातवारे करून पटवून दिलं), पायात लाकडी गेता घातल्या आणि खटखट करत निघालो. रस्ताभर सगळेच तसे. आजोबा, कॉलेजची पोरं, तान्ही मुलं घेतलेली जोडपी, सगळी युकात्यात.

गावचे लोक सांगतात की स्टेशन हे आमचं प्रवेशद्वार, रस्ते म्हणजे व्हरांडा, ऱ्योकान म्हणजे खोल्या आणि सोतोयु हे मोठं न्हाणीघर; अख्खं गाव मिळून एकच ऱ्योकान. ऐकायला हे पर्यटन खात्याच्या जाहिरातीसारखं वाटतं. मलाही तसंच वाटलं होतं. पण या वाक्यामागे एक भूकंप आहे आणि वीसेक वर्षं चाललेलं एक भांडण आहे.

आधी जुनी गोष्ट थोडक्यात. किनोसाकी ह्योगो प्रांतात, जपानच्या समुद्राजवळ आहे. दंतकथा अशी की दोची नावाच्या बौद्ध साधूने इथे हजार दिवस प्रार्थना केली आणि आठव्या शतकाच्या सुरुवातीला गरम पाणी उफाळून आलं. ते ठिकाण म्हणजे आजचं मांदारा-यु. दुसरी कथा जखमी करकोच्याची. तो जिथे पाय बुडवून बरा झाला ते कोनो-यु. दोन्ही कथांमध्ये पाणी कुणा जमीनदाराच्या आवारात निघत नाही, हे लक्षात ठेवा. शतकानुशतकं लोक ऱ्योकानमध्ये झोपायचे आणि आंघोळीला बाहेर जायचे. आत गरम पाण्याचं न्हाणीघर नसायचंच.

असाच एक पाहुणा 1913 साली आला. लेखक शिगा नाओया. तोक्योत यामानोते लाइनच्या गाडीने त्याला धडक दिली होती, आणि तो दुखणं बरं करायला मिकिया नावाच्या ऱ्योकानमध्ये उतरला. त्या मुक्कामावर त्याने 1917मध्ये ‘किनोसाकी नि ते’ ही छोटी कथा लिहिली. छपरावर मेलेली मधमाशी, नदीत जीव वाचवायला धडपडणारा उंदीर आणि त्याच्या हातून चुकून मरणारा एक सरडेवजा प्राणी, एवढंच तिच्यात घडतं. तिने गावाला प्रसिद्ध केलं. मिकियाचं नाव पुन्हा येणार आहे, पण वेगळ्या कारणाने.

23 मे 1925. सकाळचे अकरा वाजून गेले होते, म्हणजे दुपारच्या स्वयंपाकाची वेळ. भूकंपात घरं पडली, चुली पेटलेल्या होत्या, आणि लाकडी गाव जळून गेलं. शिगा राहिला होता ती इमारतही गेली. या भूकंपाने त्या भागात चारशेहून अधिक माणसं मारली, त्यातली बरीचशी किनोसाकीतली.

दोनच वर्षांपूर्वी तोक्यो आणि योकोहामा अशीच जळली होती. तेव्हा शहाणपणाचा सल्ला उघड होता: लाकूड सोडा, काँक्रीट घाला. गावाने अर्धाच मानला. सरकारी आणि सार्वजनिक इमारती काँक्रीटच्या बांधून मोक्याच्या जागी उभ्या केल्या, म्हणजे आग लागली तर तिथे अडेल. ऱ्योकान मात्र पुन्हा लाकडी, तीन मजली. रस्ते आणि नदी रुंद करायला लोकांनी आपापल्या जमिनीचा तुकडा दिला. नदीच्या काठांना दगड लावले ते जवळच्या गेनबुदो गुहांमधले, भूकंपातच कोसळलेले. षटकोनी बसाल्टचे खांब आहेत ते. अंधेरीची गिल्बर्ट हिल पाहिलेल्याला लगेच ओळखू येतील. (याच गेनबुदोच्या खडकात मातुयामा मोतोनोरी या शास्त्रज्ञाला पृथ्वीचं चुंबकत्व कधीकाळी उलटं असल्याचा पुरावा सापडला. पण तो वेगळा लेख होईल.)

ज्यांचं सगळं जळलं त्यांनी जमीन सोडून दिली, ही गोष्ट मला सगळ्यात मोठी वाटते. आणि त्यानंतर लगेचच तेच लोक एकमेकांविरुद्ध कोर्टात उभे राहिले, हीही.

झालं असं की 1920च्या दशकाच्या शेवटी, नव्याने बांधलेल्या मिकियाने स्वतःच्या आवारातलं गरम पाणी वापरून आतच न्हाणीघर केलं. जपानी भाषेत उचियु. त्यांचा मुद्दा साधा आणि कायद्याच्या पुस्तकात बसणारा होता: जमीन माझी, तिच्याखालचं पाणी माझं. गावाचं म्हणणं, हे पाणी परंपरेने सगळ्यांचं आहे. गावातल्या गरम पाण्याचा कारभार पाहणारी युशिमा मालमत्ता संस्था 1895पासून होतीच.

या भांडणात कुणी खलनायक शोधायची घाई करू नये. हॉटेल चालवणाऱ्याने पाहुण्याला आतच आंघोळ द्यावी यात गैर काय? थंडीत, बर्फात, म्हाताऱ्या माणसाला बाहेर का पाठवायचं? पण गावाची भीतीही खरी होती. एकाने पाणी ओढलं की दुसराही ओढणार, मग तिसरा. मोठ्या जागेचा, मोठ्या पैशाचा माणूस जास्त ओढणार, आणि सोतोयुचं पाणी आटणार. शिवाय पाहुणा आतच आंघोळ करून झोपला तर समोरच्या मिठाईवाल्याकडे, खेळण्यांच्या दुकानात, नूडल्सच्या टपरीत कोण जाणार? दिवसभर कोड लिहिणाऱ्या माणसाला हा प्रश्न ओळखीचा आहे. सामायिक सर्व्हरवर प्रत्येकजण स्वतःपुरतं योग्यच वागत असतो, आणि सर्व्हर बसतो.

हे प्रकरण युद्ध संपून गेलं तरी चालू राहिलं. तडजोड झाली ती थेट 1950 साली, आणि तिच्यात कुणीच पूर्ण जिंकलं नाही. गावातल्या गरम पाण्याचा कारभार सामायिक संस्थेकडेच राहील. ऱ्योकानांना आत न्हाणीघर करता येईल, पण ठरलेल्या मापाचं, खोल्यांच्या हिशोबात. पुढे 1972मध्ये वेगवेगळ्या झऱ्यांचं पाणी एकत्र करून नळांनी गावभर फिरवायची व्यवस्था झाली. त्यामुळे आज सोतोयुत काय आणि ऱ्योकानच्या टबात काय, त्याच सामायिक साठ्यातलं पाणी येतं. चवीला खारट, वास जवळजवळ नाही. म्हणजे माझ्या ऱ्योकानमधला तो चार माणसांचा टब हा कंजूषपणा नव्हता, त्या तडजोडीचं माप होतं.

याचा परिणाम बघायचा तर दुसऱ्या ओन्सेन गावांकडे बघावं लागतं. जपानच्या भरभराटीच्या काळात कंपन्यांच्या सहली बसेस भरभरून निघायच्या. किनुगावासारख्या ठिकाणी नदीकाठी काँक्रीटची अवाढव्य हॉटेलं उभी राहिली. अशा हॉटेलात आतच न्हाणीघर, आतच बार, आतच भेटवस्तूंचं दुकान. पाहुण्याला रस्त्यावर पाऊल टाकायची गरजच उरली नाही. मग सहली थांबल्या, हॉटेलं बुडाली, आणि किनुगावात त्यांचे रिकामे सांगाडे नदीकडे तोंड करून अजून उभे आहेत.

किनोसाकीत रात्री साडेनऊला मी तिसऱ्या न्हाणीघरातून बाहेर पडलो तेव्हा रस्ता गजबजलेला होता. हवेशीर विलोची झाडं, कमानीचे छोटे पूल, ओले केस घेऊन आइस्क्रीम खाणारी माणसं. इथे अंगावर टॅटू असला तरी चालतं, जे जपानमध्ये बऱ्याच ठिकाणी चालत नाही. सार्वजनिक न्हाणीघर म्हणजे सार्वजनिक. आधी बुटक्या स्टुलावर बसून अंग स्वच्छ धुवायचं, मग पाण्यात उतरायचं, छोटा टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही. अनोळखी माणसांसमोर कपडे काढायचा संकोच पहिल्या पाच मिनिटांत जातो, कारण तुमच्याकडे कुणी बघतच नाही.

मिकिया अजून आहे. भूकंपानंतर बांधलेली ती लाकडी इमारत आता सरकारी यादीतली वारसा वास्तू आहे. आत त्यांचं स्वतःचं न्हाणीघरही आहे, मापातलं. आणि त्यांचे पाहुणे संध्याकाळी युकाता घालून, पास घेऊन, गेता खटखटवत सोतोयुकडे निघतात.