बैठी गोळाफेक आणि मुखेडच्या भाग्यश्री जाधव

ऑलिंपिकमध्ये स्त्रियांना खुला झालेला पहिला फेकप्रकार थाळीफेकीचा होता. १९२८ साली अॅम्स्टरडॅम येथे पोलंडच्या हालिना कोनोपात्स्का यांनी ३९.६२ मीटर अंतरावर थाळी टाकून सुवर्णपदक मिळविले, १९३२ मध्ये भालाफेक आली आणि गोळाफेकीला मात्र १९४८ पर्यंत थांबावे लागले. त्याच १९४८ साली इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमन यांनी मणक्याला इजा झालेल्या सैनिकांसाठी स्पर्धा भरविल्या, ज्यांतून पुढे पॅरालिंपिक उभे राहिले. भारतीय फेकपटूंपैकी जोगिंदरसिंग बेदी यांनी १९८४ साली गोळाफेकीत रौप्य आणि थाळीफेक व भालाफेकीत कांस्यपदके मिळविली. भारतीय स्त्रियांच्या वाट्याला पॅरालिंपिकचे पहिले पदक येण्यास मात्र २०१६ साल उजाडले, ते दीपा मलिक यांच्या रूपाने, आणि तेही बैठ्या गोळाफेकीतच.

नांदेड जिल्ह्याच्या मुखेड तालुक्यातील, म्हणजे लातूरच्या सीमेला लागून असलेल्या भागातील, होनवडज येथील भाग्यश्री माधवराव जाधव (जन्म १९८५) यांची कारकीर्द याच परंपरेत बसते. त्यांचा गट एफ-३४ हा आहे. स्नायूंचा ताठरपणा किंवा हालचालींवरील ताबा कमी होणे यांमुळे ज्यांचे पाय विशेष बाधित झाले आहेत, परंतु धड व हात बऱ्यापैकी काम देतात, असे खेळाडू या गटात बसून फेक करतात. उभ्याने फेकणारा खेळाडू वर्तुळात सरकून किंवा गिरकी घेऊन वेग कमावतो, तर येथे जमिनीला पट्ट्यांनी जखडलेली, गादीसह ७५ सेंटिमीटरपेक्षा उंच नसलेली चौकट असते. खेळाडूला तिच्यावर बांधून बसवितात आणि फेक करताना बैठक सुटली, तर ती फेक बाद ठरते. पाय आणि कमरेकडून येणारा जोर नसल्याने तीन किलोंचा गोळा मानेजवळून सुटेपर्यंतचे सारे काम खांदा, पाठ आणि मनगट यांनाच करावे लागते. म्हणून या प्रकारात पाच-दहा सेंटिमीटरची वाढ ही मोठी कमाई समजली पाहिजे.

जाधव या खेळाकडे वळल्या त्या तिशी ओलांडल्यावर. टोकियो पॅरालिंपिकमध्ये (२०२१) त्यांनी ७.०० मीटर फेक करून सातवे स्थान मिळविले. त्या स्पर्धेत चीनच्या झोऊ लिजुआन यांनी ९.१९ मीटरचा विश्वविक्रम केला होता, यावरून अव्वल स्थान किती दूर होते ते कळते. हांगझोऊच्या आशियाई पॅरा क्रीडास्पर्धेत (२०२३) ७.५४ मीटर आणि कोबे येथील जागतिक स्पर्धेत (२०२४) ७.५६ मीटर फेकींनी त्यांना रौप्यपदके दिली. म्हणजे तीन वर्षांच्या आत ५६ सेंटिमीटरांची वाढ झाली, आणि तीही खेळाडू चाळिशीकडे झुकत असताना.

पॅरिस पॅरालिंपिकच्या उद्घाटनाला, २८ ऑगस्ट २०२४ रोजी, भालाफेकपटू सुमित अंतिल यांच्यासमवेत भारताचा ध्वज जाधव यांच्या हाती होता आणि मराठवाड्यात त्यांचे नाव घरोघरी पोहोचले ते बहुधा त्या संध्याकाळमुळे, कोबेच्या पदकामुळे नव्हे. प्रत्यक्ष स्पर्धेत त्यांनी ७.२८ मीटर फेक करून पाचवे स्थान मिळविले; ही फेक कोबेपेक्षा २८ सेंटिमीटरांनी कमी, पण टोकियोपेक्षा तितक्याच सेंटिमीटरांनी अधिक होती.