ग्रेव्हयार्ड शिफ्ट

‘स्पंजबॉब स्क्वेअरपँट्स’ या अमेरिकी बालविनोदी ॲनिमेशन मालिकेच्या दुसऱ्या पर्वातील एक भयविनोदी भाग. ‘निकलोडियन’ या दूरचित्रवाहिनीवर तो 6 सप्टेंबर 2002 रोजी प्रथम दाखविण्यात आला. मालिकेतील बहुतेक भागांप्रमाणे त्याचा अवधी सुमारे 11 मिनिटांचा असून अर्ध्या तासाच्या कार्यक्रमात ‘क्रस्टी लव्ह’ या भागाशी त्याची जोडी लावलेली होती. रात्रपाळीला जुंपलेले दोन नोकर, एकाने दुसऱ्याला भिवविण्याकरिता रचलेली भुताची गोष्ट आणि त्या गोष्टीतील खुणा एकामागून एक प्रत्यक्षात उतरू लागणे, एवढेच त्याचे कथानक. परंतु ते ज्या काटकसरीने आणि ज्या अनपेक्षित शेवटाने मांडले आहे, त्यामुळे संपूर्ण मालिकेतील उत्तम भागांत त्याची गणना करणे योग्य ठरते.

मालिकेचा जनक स्टीफन हिलेनबर्ग (1961–2018) हा प्रथम सागरी जीवशास्त्राचा शिक्षक होता. कॅलिफोर्नियातील डेना पॉइंट येथे शिकवीत असताना भरती-ओहोटीच्या पट्ट्यातील जीवसृष्टीवर त्याने मुलांसाठी एक चित्रमय पुस्तिका तयार केली होती. पुढे ॲनिमेशनचे रीतसर शिक्षण घेऊन तो या व्यवसायात शिरला आणि त्या पुस्तिकेत बीजरूपाने असलेली कल्पना 1999 साली मालिकेच्या रूपाने पडद्यावर आली. समुद्रतळाशी वसलेल्या ‘बिकिनी बॉटम’ या नगरातील ‘क्रस्टी क्रॅब’ हे उपाहारगृह तिच्या केंद्रस्थानी आहे. त्याचा मालक मिस्टर क्रॅब्स हा खेकडा कमालीचा द्रव्यलोभी. आचारी स्पंजबॉब हा पिवळा, चौकोनी स्पंज आपल्या कामावर इतका लुब्ध, की सुटीचा दिवस ही त्याला शिक्षाच वाटावी. आणि गल्ल्यावर बसणारा स्क्विडवर्ड हा अष्टपाद मात्र स्वतःला कलावंत समजणारा, फावल्या वेळी क्लॅरिनेट वाजविणारा व चाकरीला मनापासून विटलेला.

दुकान बंद करण्याच्या वेळी दाराशी आलेले गिऱ्हाईक हातचे जात आहे, हे दिसताच मालक तेथल्या तेथे फर्मान काढतो, की यापुढे उपाहारगृह चोवीस तास उघडे राहील. स्पंजबॉबला या जुलमाचा हर्षच होतो, आणि भाजी चिरण्यापासून हात पोळून घेण्यापर्यंतची प्रत्येक कृती आपण रात्री करीत आहोत, या अपूर्वाईची घोषणा तो पुनःपुन्हा करीत राहतो. कचरा टाकण्यासाठी बाहेरच्या अंधारात जाताना मात्र त्याची जी गाळण उडते, ती पाहून वैतागलेल्या स्क्विडवर्डला त्याची आणखी खोड मोडण्याची दुर्बुद्धी सुचते, आणि तो ‘हॅश-स्लिंगिंग स्लॅशर’ नावाच्या भुताची कैफियत रचून सांगू लागतो. याच उपाहारगृहात म्हणे पूर्वी एक आचारी होता. अनवधानाने त्याने आपलाच हात तोडून घेतला आणि त्या जागी एक गंजके उलथने बसविले. मग त्याला बसने चिरडले. आणि त्याच्या अंत्यविधीच्या वेळी त्याला नोकरीवरून बडतर्फ करण्यात आले. म्हणून दर मंगळवारी रात्री तो सूड घेण्यासाठी परत येतो, आणि ती रात्र अर्थातच मंगळवारची असते. प्रथम दिवे मिणमिणतील. मग टेलिफोन वाजेल, पण पलीकडे कोणी नसेल. मग ज्या बसने त्याला मारले, त्याच बसचे भूत त्याला घेऊन येईल. आणि तो दोहीं बाजूंना न पाहता रस्ता ओलांडील, कारण मेलेल्याला पुन्हा मरणाचे भय कसले?

या खुणा प्रत्यक्षात येऊ लागतात, तेव्हा गोष्ट रचणारा स्क्विडवर्डच अधिकाधिक गर्भगळीत होतो, आणि ऐकणारा स्पंजबॉब मात्र आपल्या रंजनासाठी मित्राने हा सारा खटाटोप केला, अशा समजुतीने गहिवरून जातो. रस्त्यापलीकडे उभी असलेली काळी आकृतीही स्क्विडवर्डचेच सोंग आहे, असे त्याला वाटते. त्यावर स्क्विडवर्ड दोन हरकती नोंदवितो: एक तर आपण त्याचा द्वेष करतो, आणि दुसरे म्हणजे आपण येथे त्याच्या शेजारीच उभे आहोत. हरकतींचा हा क्रम पाहण्यासारखा आहे. जिवावर बेतले असतानाही द्वेषाचा मुद्दा अगोदर मांडल्याखेरीज या गृहस्थाला राहवत नाही. मृत्यू समोर ठाकल्यावर दोघांचे कबुलीजबाब होतात, आणि आपल्याला तो थोडाफार आवडत असे, हे स्क्विडवर्ड मोठ्या कष्टाने बोलून दाखवितो. त्याच्या मोबदल्यात त्याला आपल्या क्लॅरिनेटचा शौचकूप मोकळा करण्यासाठी झालेला उपयोग ऐकावा लागतो. अखेर दार उघडून जो आत येतो, तो नोकरीचा अर्ज मागण्यासाठी आलेला एक गरीब उमेदवार निघतो. उलथने त्याने घरूनच आणलेले असते, बसने तो आलेला असतो, आणि टेलिफोनही त्यानेच केलेला असून बोलण्याचा धीर न झाल्यामुळे खाली ठेवलेला असतो.

या भागातील भयाची सामग्री कोठून आली आहे, हे पाहू जाता असे दिसते, की ती जवळजवळ सगळी नोकरीच्या व्यवहारातून उचललेली आहे. भुताचे शस्त्र म्हणजे त्याच्या धंद्याचे हत्यार, त्याचे वैर बडतर्फीमुळे उद्भवलेले, त्याच्या येण्याची वेळ रात्रपाळीची, आणि उकल झाल्यावर उरतो तो बेकार इसम. स्मशान, वटवाघळे, पडका वाडा असा ठरीव सरंजाम येथे नाही. भिंतींवरून ओघळणाऱ्या हिरव्या द्रवाचा उल्लेख येतो खरा, पण त्या तर नेहमीच तशा ओघळतात, असे सांगून तोही उपाहारगृहाच्या गलथान कारभाराच्या खाती जमा केला जातो. मेल्यानंतरही मालकाच्या दप्तरातून नाव कमी व्हायचे राहतेच, ही कल्पना मुलांना नुसती विचित्र वाटेल. पगारदार पालकांना तिच्यातील बोचरेपणा जाणवल्यावाचून राहणार नाही. ऑक्टोबरअखेरच्या हॅलोविन सणानिमित्त 1999 साली प्रसारित झालेला याच मालिकेचा ‘स्केअरडी पँट्स’ हा भाग यासंदर्भात तुलनेला घेण्यासारखा आहे. त्यात सणाची सोंगे व ‘फ्लाइंग डचमन’ हे चाच्याचे भूत असा सगळा सरंजाम आहे, आणि तरीही तो या भागाइतका अंगावर येत नाही.

मात्र एका खुणेचा हिशेब उमेदवाराच्या जबानीने लागत नाही: दिवे कोण मिणमिणवीत होते? सर्वांच्या नजरा वळतात, आणि भिंतीवरील बटणाशी चाळा करीत उभा असलेला काउंट ऑरलॉक दिसतो. तो चित्रकाराने रेखाटलेला नाही. एफ. डब्ल्यू. मुर्नाउ याच्या ‘नोस्फेराटू’ (1922) या जर्मन मूकपटातील मॅक्स श्रेक या नटाचे कृष्णधवल छायाचित्रच तेथे चिकटवून त्याच्या ओठांवर हसू आणलेले आहे. पात्रे त्याला पाहून घाबरत नाहीत. खोडकर मुलाला दटावावे तशी त्याच्या नावाने हाक मारतात, आणि भाग संपतो. रेखाटलेल्या रंगीत जगात छायाचित्राचा तुकडा घुसविण्याची खोड या मालिकेला आरंभापासूनच आहे. शीर्षकगीतातील चाच्याच्या तसबिरीला हलणारे ओठ आहेत, ते स्वतः हिलेनबर्गचे. तरी येथे त्या युक्तीला निराळे वजन येते, कारण उपाहारगृहात ज्याचे काहीही काम नाही, असा या भागातील हा एकमेव प्राणी होय.

ज्या बोलपटपूर्व काळातून हा पाहुणा आला, तेथील त्याची हकीकतही कमी चमत्कारिक नाही. ब्रॅम स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’ (1897) या कादंबरीवरून, परवानगी न घेता, केवळ नावे बदलून तो मूकपट रचलेला होता. स्टोकरच्या विधवेने दावा लावला. निर्माती कंपनी ‘प्राना-फिल्म’ दिवाळखोरीत गेली. आणि 1925 साली जर्मन न्यायालयाने मूकपटाच्या सर्व प्रती नष्ट करण्याचा हुकूम दिला. काही प्रती बचावल्या, म्हणून श्रेकचा तो टक्कल पडलेला, उंदरासारख्या दातांचा चेहरा पुढील पिढ्यांना पाहावयास मिळाला. मूळ कादंबरीतील ड्रॅक्युला दिवसाढवळ्याही हिंडू शकतो. सूर्याच्या किरणांनी पिशाचाचा अंत होतो, ही कल्पना मुर्नाउच्या मूकपटाने रूढ केली. ज्याला प्रकाशाने मरण, त्याच्याच बोटांखाली दिव्याचे बटण द्यावे, ही विसंगती लेखकांनी जाणून योजली की ती आपसूक साधली, हा प्रश्न बाजूला ठेवला तरी तिची मौज कमी होत नाही. प्रथम प्रक्षेपणाच्या वेळी पडद्यासमोर बसलेल्या मुलांपैकी फारच थोड्यांना 80 वर्षांपूर्वीचा तो मूकपट ठाऊक असणे संभवनीय होते; ओळख पटली नाही तरी हसू येते, आणि काहीशी शिरशिरीही.

लेखनाचे श्रेय मिस्टर लॉरेन्स, जे लेंडर व डॅन पोव्हेनमायर यांना आहे. यांपैकी लॉरेन्स हा मालिकेतील प्लँक्टन या खलपात्राचा आवाजही देतो, आणि पोव्हेनमायरने पुढे 2007 साली एका सहकाऱ्यासमवेत ‘फिनिअस अँड फर्ब’ ही मालिका काढली. स्पंजबॉबचा आवाज टॉम केनीचा, मिस्टर क्रॅब्सचा क्लॅन्सी ब्राउनचा व स्क्विडवर्डचा रॉजर बम्पासचा. भुताचे ते जीभ वळवणारे नाव चुकतमाकत घेण्यात केनीने धमाल केली असली, तरी भाग तोलून धरला आहे तो बम्पासने. कंटाळलेल्या कारकुनाचा सानुनासिक स्वर न सोडता आधी गोष्ट सांगण्यातील आसुरी आनंद आणि नंतर तीच गोष्ट अंगावर उलटल्याची धास्ती, अशा दोन्ही अवस्था त्याने त्या एकाच आवाजातून काढल्या आहेत.