वाकलेला चिमटा

पानिपताचा इतिहास युद्धांच्या सनावळीत सांगण्याची प्रथा आहे. तो चाकांच्या अंगानेही सांगता येण्यासारखा आहे. 1526 साली बाबराने येथे गाड्या कातड्याच्या दोरांनी एकमेकींस जखडून आपली आघाडी उभारली. बाबरनाम्यात अशा सातशे गाड्यांचा उल्लेख येतो. 1760 च्या अखेरीस सदाशिवरावभाऊंच्या छावणीच्या रक्षणास ज्या इब्राहिमखान गारद्याच्या तोफा उभ्या राहिल्या, त्याही चाकांवरूनच उत्तरेत आल्या होत्या. दिल्लीहून पंजाबकडे जाणाऱ्या त्याच प्राचीन मार्गावर आज मोटारसायकलींची रीघ लागलेली असते, आणि त्यांची मोडतोड सावरणारे मिस्त्री रस्त्याच्या कडेला बसलेले असतात.

पौष-माघातले येथील धुके प्रसिद्ध आहे. अशा धुक्यात एखादा स्वार पुढच्या उसाच्या ट्रॉलीवर हलकेच आदळतो, पडतो, उठून कपडे झटकतो. मडगार्ड चेपलेले, दिव्याची काच तडकलेली, हँडल किंचित तिरके. एवढ्यावरच निभावले असे त्याला वाटते. मिस्त्री मात्र त्या काचेकडे पाहतही नाही. त्याचे लक्ष चिमट्याकडे असते, म्हणजे पुढचे चाक ज्या दोन पायांमध्ये धरलेले असते त्या भागाकडे. गाडीचे वळणे, थांबणे आणि तोल या तिन्ही गोष्टी त्याच्यावर अवलंबून असतात.

या चिमट्याचा स्वतःचा एक इतिहास आहे. आरंभीच्या मोटारसायकलींना उघड्या सांगाड्याचा आणि एका मोठ्या स्प्रिंगचा चिमटा असे. तो वाकला तर गावच्या लोहारालाही दोष डोळ्यांनी दिसे. 1935 साली बीएमडब्ल्यू या जर्मन कारखान्याने एकात एक सरकणाऱ्या, तेलाने धक्का शमवणाऱ्या नळ्यांचा चिमटा बाजारात आणला. दुसऱ्या महायुद्धात, 1941 पासून, मॅचलेसच्या लष्करी गाड्यांनाही याच जातीचा चिमटा बसू लागला. स्वातंत्र्यानंतर 1955 साली मद्रासेत एनफील्ड इंडियाची स्थापना झाली आणि नळ्यांच्या चिमट्याची बुलेट या देशात जुळू लागली. फरिदाबादची राजदूत मात्र पोलंडच्या एका गाडीवरून बेतलेली होती. तिचे पुढचे चाक खिळींवर झुलणाऱ्या दांड्यांनी धरलेले असे. दुधाच्या कॅन लादून खेड्यांच्या कच्च्या रस्त्यांवरून जाणारी ही गाडी उत्तरेतल्या कित्येक मिस्त्रींची पाठशाळाच ठरली. पुढे 1985 साली हरियाणातल्याच धारुहेऱ्याहून हिरो होंडा आली, 2001 साली पुण्याच्या बजाजची पल्सर आली, आणि चकचकीत नळ्यांचा चिमटा सार्वत्रिक झाला. दोष आता नळीच्या आत, तेलात बुडालेला राहू लागला.

म्हणून परीक्षा क्रमाने करावी लागते. नळ्या घट्ट धरणारे बोल्ट ढिले करून, चाक गुडघ्यांत पकडून हँडल पिळले की पुष्कळदा सारे जागेवर येते. नळ्या केवळ आपल्या पकडीत फिरलेल्या असतात, वाकलेल्या नसतात. अननुभवी माणूस येथेच नव्या चिमट्याचे पैसे मोजून बसतो. हँडल तरीही तिरके राहिले, तर नळी उतरवून सपाट काचेवर लोळवतात. ती उसळत गेली की बाक उघड होतो. थोडा बाक प्रेसखाली निघतो. पण नळीवर सुरकुती किंवा चीर दिसली, की ती भंगारातच गेली पाहिजे. मग पुढचे चाक उचलून हँडल हळू फिरवायचे. मध्यावर ते खाचेत बसल्यासारखे अडले तर कोनसेटच्या वाटीत गोळ्यांचे घाव पडले आहेत, असे समजावे. तारांच्या चाकाचा आऊट काढणे ही तर जुनी सायकलदुकानातली विद्या. रिमला खडू टेकवून चाक फिरवायचे, खूण पडेल तेथील त्या बाजूची तार सैल आणि समोरची घट्ट करायची.

अलॉयच्या चाकाला तारा नाहीत, म्हणून ही विद्याही नाही. तापवून ठोकलेले असे चाक वरून गोल दिसते आणि आतून चिरलेले असू शकते. एप्रिल 2019 पासून सव्वाशे सीसींहून मोठ्या इंजिनाच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचे झाले. त्यामुळे पुढच्या चाकाजवळची दातेरी चकती जराशी वाकली, तरी गाडी दिवा पेटवून तक्रार करते.

पानिपत हे जुन्या लोकरी कपड्यांतून नवे सूत काढणारे गाव. काहीही टाकून देण्यास येथील बाजार सहजी राजी होत नाही, आणि गिऱ्हाईकही ‘सरळ करून द्या’ म्हणूनच आलेले असते. नव्या नळीचा खर्च त्याच्या आठवड्याच्या कमाईवर पडणार असतो. त्याला नाही म्हणणे हे मिस्त्रीच्या कामातले सर्वांत अवघड काम होय. एक गिऱ्हाईक शेजारच्या दुकानाकडे वळण्याची ती जोखीम असते.

शेवटी दोरी निघते. मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांनी ती पुढच्या चाकापर्यंत ताणून धरतात. मागचा टायर रुंद, तेव्हा पुढे दोन्ही बाजूंना थोडी फट राहणारच. ती सारखी हवी. चिमटा नवा, कोनसेट नवा, चाक सरळ, आणि तरीही फट सारखी येत नसेल, तर फ्रेमची मानच वळलेली असते. मग मिस्त्री दोरी गुंडाळून ठेवतो आणि मालकाला बोलावून ती फट दाखवतो.