केळीच्या पानावरचे रुग्ण

'तोंड आलंय' असं म्हणत पेम्फिगस या फोडांच्या आजाराचा रुग्ण बऱ्याचदा कित्येक आठवडे, कधी महिनेही काढतो. बी-कॉम्प्लेक्स होतं, गुलकंद होतो, दातांच्या डॉक्टरकडे खेपा होतात. मग छातीवर, पाठीवर पातळ सालीचे फोड उठतात, नुसत्या कपड्याच्या घासण्यानेही फुटतात आणि खालची ओली, लाल कातडी उघडी पडते. कुणी नागीण समजून गेरूचा लेप देतं.

कळव्याला वैद्यकीय महाविद्यालय होण्याआधी ठाणे-डोंबिवलीकडच्या अशा रुग्णाला मोठ्या सरकारी इलाजासाठी मध्य रेल्वेच्या लोकलने शीव, परळ, भायखळाच गाठावं लागे. फोडांवर काय बांधायचं, याचा एक मोलाचा इतिहास याच लाइनीवर घडला.

स्टिरॉइड येण्याआधी पेम्फिगस म्हणजे बहुधा मृत्यूच. चारातले तीन रुग्ण दगावत, असा जुन्या ग्रंथांतला ढोबळ हिशेब आहे. उघड्या कातडीतून पाणी, क्षार, प्रथिनं वाहून जात आणि जंतू आत शिरत. १९५० नंतर स्टिरॉइडने चित्र पालटलं. १९५३ साली वॉल्टर लीव्हर यांनी म्हातारपणी येणारा, घट्ट फोडांचा पेम्फिगॉइड हा वेगळा आजार असल्याचं दाखवलं. १९६४ मध्ये बॉयटनर आणि जॉर्डन यांना पेम्फिगसच्या रुग्णांच्या रक्तात कातडीविरुद्धच्या प्रतिपिंडांचा पुरावा मिळाला. विटांमधला चुना खरवडून काढावा तशी ही प्रतिपिंडं पेशींमधली पकड सोडवतात.

पण औषध लागू पडेपर्यंत त्या सोललेल्या अंगाचं काय? गादीला चादर चिकटायची आणि बदलताना कातडी घेऊनच निघायची. भारतातल्या वॉर्डांत अशा रुग्णाला केळीच्या पानावर निजवण्याची पद्धत आहे. पान गुळगुळीत, थंड, मेणचट. जखमेला चिकटत नाही. या जुन्या शहाणपणाची शास्त्रीय पारख मुंबईच्या भाजलेल्यांच्या वॉर्डांत झाली. १९८५ साली डॉ. मनोहर केसवानी आणि सहकाऱ्यांनी उकडलेल्या बटाट्याच्या सालींच्या पट्ट्यांवर निबंध प्रसिद्ध केला. २००३ मध्ये शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातल्या डॉ. माधुरी गोरे यांनी निर्जंतुक केलेल्या केळीच्या पानाचं ड्रेसिंग बटाट्याच्या सालींशी ताडून पाहिलं. दोन्ही सारखीच उपयोगी ठरली. पान मात्र तयार करायला सोपं आणि स्वस्त. ही पारख भाजलेल्या जखमांवरची होती, हे खरं. तरी महागडी पट्टी न परवडणाऱ्या वॉर्डात पेम्फिगसलाही हे पान कामाचं. रोजचं ड्रेसिंग करणाऱ्या परिचारिका आणि ड्रेसर यांची नावं अशा निबंधांत क्वचितच येतात. ती यायला हवीत.

औषधाच्या बाजूचा मोठा भारतीय टप्पा दिल्लीचा. एम्समधल्या डॉ. जे. एस. पसरिचा यांनी १९८२ च्या सुमारास पेम्फिगसला 'पल्स' द्यायला सुरुवात केली. तीन दिवस रोज १०० मिलिग्रॅम डेक्सामेथॅसोन सलाइनमधून, त्यातल्या एका दिवशी ५०० मिलिग्रॅम सायक्लोफॉस्फामाइड, आणि २८ दिवसांनी पुन्हा तेच. मधल्या काळात रुग्ण घरी, शक्य तर कामावरही. महाराष्ट्रातल्या कातडीविकाराच्या वॉर्डांनीही ही पद्धत उचलली. सायक्लोफॉस्फामाइडने पाळी कायमची थांबू शकते, हे तरुण बाईला सुरुवातीलाच सांगणं भाग होतं. भारतात हा आजार पुष्कळदा ऐन कर्त्या वयात गाठतो, म्हणून ते सांगणं फार जड.

आता मृत्यू कमी झाले; जे होतात त्यांत सगळ्यात मोठा वाटा जंतुसंसर्गाचा, रक्तात पसरलेल्या सेप्सिसचा आणि न्यूमोनियाचा. स्टिरॉइडने साखर आणि रक्तदाब वाढतो, हाडं ठिसूळ होतात, दबलेला टीबी उसळू शकतो. रिटक्सिमॅब या औषधाने गेल्या दोन दशकांत पुष्कळ रुग्णांना जास्त मात्रेच्या स्टिरॉइडमधून सोडवलं. २००७ मध्ये त्याची भारतीय आवृत्ती आल्यावर किंमत उतरली, तरी साध्या घराला ती अजून डोईजडच. ते देण्याआधी हिपॅटायटिस बी आणि टीबीची तपासणी व्हावी लागते. झाकलेली कावीळ औषधाने उफाळू शकते.

पेम्फिगॉइडमध्ये तर सोबतचे आजारच पुढे असतात. लकवा, कंपवात, स्मृतिभ्रंश असलेल्या वृद्धांत तो जास्त आढळतो. मधुमेहाच्या व्हिल्डाग्लिप्टिनसारख्या गोळ्यांशीही त्याचा संबंध बऱ्याच देशांतल्या अभ्यासांत दिसला आहे. २०१९ च्या अखेरीस पेटंट संपल्यावर ही गोळी भारतात स्वस्त होऊन घरोघरी पोचली. म्हणून फोड आलेल्या आजोबांना दाखवायला नेताना त्यांच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं बरोबर न्यावीत. गोळी बदलायची की नाही हे डॉक्टर ठरवतील. ती बदलल्यावर काही रुग्णांचे फोड आटोक्यात आलेले आहेत.