पाडलेला महाल

‘घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून’ असं ज्या कुणा पूर्वजानं म्हणून ठेवलं आहे, त्यानं घर एकदाच बांधलं असणार. आम्ही ते सत्तावीस वेळा बांधलं, आणि तेसुद्धा पायाचा एक दगड न हलवता.

त्याचं असं झालं. नगरातलं आमचं वडिलोपार्जित घर पडायला आलं होतं. (2024 साली जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, त्याप्रमाणे मी पाकिटावर पत्ता बिनचूक घालतो, पण बोलताना जीभ अजून जुन्याच गल्लीतून जाते.) घर आम्ही पाडण्याआधी ते आपण होऊन पडलं तर बरं दिसणार नाही, असं आम्हा तिघा भावांचं एकमत झालं. हे आमचं घराबाबतचं पहिलं एकमत. शेवटचंही तेच ठरणार, असं पुढचे आठ महिने वाटत होतं.

भाचा आर्किटेक्ट आहे. तो म्हणाला, “मामा, तुम्ही काळजी करू नका. मी दोन-तीन पर्याय करून दाखवतो.” घरात एकाच माणसाचं चालत असेल तर पर्याय ही चैन असते. तिघांचं चालत असेल तर ती आग असते, आणि भाचा रॉकेलचा डबा घेऊन आला होता.

आमच्या वडिलांच्या वेळी हे प्रकरण सोपं होतं. एक ड्राफ्ट्समन असे, त्याच्याकडे एक लांबलचक टेबल असे आणि त्यावर ट्रेसिंग पेपर. एका पर्यायाचा एक कागद. जिना इकडून हवा की तिकडून, हा प्रश्न आला की मूळ नकाशावर दुसरा पातळ कागद अंथरून तेवढाच जिना वेगळा काढायचा. कागद उचलला की जिना गेला, ठेवला की आला. मग पसंत पडेल त्याची निळी प्रत काढायची. ही निळ्या प्रतीची युक्ती 1842 साली जॉन हर्शल नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञानं शोधली. हा गृहस्थ मूळचा आकाशातले तारे मोजणारा. आमच्या बजेटचे तारे दिसण्याची सोय त्यानं तेव्हाच करून ठेवली होती.

भाच्याच्या संगणकात कागद नाही आणि रेघही नाही. तिथं भिंत म्हणजे भिंतच. तिला उंची आहे, जाडी आहे, तिच्यात किती विटा आणि किती प्लॅस्टर हेही तिला ठाऊक आहे. खिडकी सरकवली की विटांचा हिशेब आपोआप बदलतो. रेव्हिट नावाचं हे सॉफ्टवेअर 2000 साली अमेरिकेत बाजारात आलं आणि 2002 साली ऑटोडेस्क या मोठ्या कंपनीनं ते विकत घेतलं. त्याच्याही आधी, 1980 च्या दशकात, बुडापेस्टच्या मंडळींनी आर्किकॅड काढलं होतं.

“मग अडचण काय?” मी विचारलं.

“अडचण अशी की मामा, पूर्वी आम्ही प्रत्येक पर्यायाची वेगळी फाइल करायचो. तीन पर्याय, तीन फाइली. मग थोरले मामा सांगणार, गच्चीचा कठडा अर्धा फूट वाढव. तो तिन्ही फाइलींत वाढवायचा. दोन ठिकाणी वाढवला आणि तिसऱ्या ठिकाणी विसरला, की नेमकी तीच फाइल कंत्राटदाराकडे जाते.”

त्यावर उपाय म्हणून सॉफ्टवेअरवाल्यांनी पर्यायांसाठी वेगळे कप्पेच केले आहेत. रेव्हिटमध्ये ते बऱ्याच वर्षांपासून आहेत, आर्किकॅडमध्ये 2023 च्या सत्ताविसाव्या आवृत्तीत आले. जे सर्वांना मान्य आहे ते मूळ घरात ठेवायचं, आणि वादाचा भाग तेवढा कप्प्यात. प्रत्येक वादाचा एक संच, संचात हवे तितके पर्याय, आणि त्यातला एक ‘प्रथम’. कुठलंही चित्र उघडलं की मूळ घर आणि प्रथम पर्याय दिसतो. बाकीचे पडद्याआड बसून असतात. बोलावल्याशिवाय येत नाहीत. जावयाला इतका मान आणि इतकी शिस्त एकाच वेळी मी प्रथमच पाहिली.

आमचे संच तीन झाले: जिना, स्वयंपाकघर आणि आईची खोली. प्रत्येकात तीन पर्याय, कारण भाऊ तीन. तीन गुणिले तीन गुणिले तीन, झाली सत्तावीस घरं.

त्यातही कायदेकानून होते. खिडकी भिंतीत राहते, म्हणून खिडकीचा पर्याय करायचा तर ती भिंतही कप्प्यात घालावी लागते. म्हणजे सुनेबरोबर सासूही वेगळी निघणार. शिवाय पर्यायांना नावं द्यावी लागतात. नाही दिली तर संगणक आपला ‘पर्याय 1’, ‘पर्याय 2’ म्हणून मोकळा होतो, आणि महिन्याभरानं पर्याय 2 म्हणजे काय हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. हे मला लगेच पटलं. आमच्या शहादोंगरावर तीन मजली अष्टकोनी इमारत आहे. आत चिरनिद्रा घेतोय सलाबतखान, आणि सगळं गाव तिला चांदबीबीचा महाल म्हणतं. पाटी वेळेवर न लावल्याचा हा परिणाम!

सलाबतखानाचं नाव निघालं म्हणून भाचा एका सकाळी मला स्कूटरवर घालून भिंगारच्या बाजूला फराहबागेत घेऊन गेला. घरात त्या दिवशी स्वयंपाकघराच्या ओट्यावरून दोन जावांचं बोलणं बंद होतं. दोघांनाही बाहेर पडायला निमित्त हवंच होतं.

फराहबाग पाहिली नसेल तर जरूर पाहा. एके काळी चौफेर पाणी होतं आणि मधोमध हा अष्टकोनी महाल, आत उंच घुमटाचा दिवाणखाना. आता पाणी नाही; गवत आहे आणि पारवे आहेत. पण उभा आहे तो महाल दुसरा. पहिला वेगळाच होता. तो बांधून पुरा झाला, निजामशहानं पाहिला आणि त्याला तो पसंत पडला नाही. पाडा म्हणाला. पाडला. मग काम एका सलाबतखानाकडे दिलं, तो काम अपुरं टाकून वारला, आणि त्याच्या पुतण्यानं, म्हणजे शहादोंगरावरच्या दुसऱ्या सलाबतखानानं, ते 1583 साली पुरं केलं.

मी त्या कमानीखाली उभा राहून विचार करीत होतो. त्या शहाकडे ना ट्रेसिंग पेपर, ना कप्पे. पर्याय पाहायचा म्हणजे दगडाचुन्यात, खऱ्या मापात बांधूनच पाहायचा. इटलीत फ्लॉरेन्सच्या लोकांनी त्याच्याही दीडशे वर्षं आधी, 1418 साली, त्यांच्या देवळाच्या घुमटासाठी स्पर्धा लावली होती, तेव्हा ब्रुनेलेस्की विटांचा नमुना बांधून घेऊन गेला होता. म्हणजे लहान करून पाहायची अक्कल जगात होती. आमच्या शहानं नमुनाही महालाएवढा करून पाहिला, इतकंच.

महाल पुरा झाला तेव्हा गादीवर होता मुर्तझा निजामशहा. 1565 ते 1588 राज्य केलं. लोक त्याला दिवाणा म्हणत. तो या महालात दिल्लीच्या एका गवयाबरोबर बुद्धिबळ खेळत बसे. बुद्धिबळ म्हणजे तरी काय? मनात पंचवीस चाली खेळून पाहायच्या आणि पटावर एक. मनातल्या चालींना खर्च नाही. पण मोहऱ्याला एकदा हात लागला की खेळ पुढं गेला.

“तुझ्या त्या सॉफ्टवेअरमध्ये हात लागण्याची सोय आहे का?” मी विचारलं.

“आहे ना. ‘प्रथम पर्याय स्वीकारा’ असं बटण आहे. ते दाबलं की प्रथम पर्याय मूळ घरात मिसळतो आणि त्या संचातले बाकीचे पुसले जातात. आधी विचारतं, नक्की का म्हणून.”

“मग दाबत का नाहीस?”

“तुम्ही तिघं दाबू देत नाही म्हणून,” भाचा म्हणाला. पारव्यांनी सुद्धा मान हलवली.

खरं होतं. पर्याय फुकट झाल्यापासून आम्हाला ठरवण्याची घाईच उरली नव्हती. थोरल्याच्या मते आईची खोली मागं, न्हाणीघराजवळ. रात्री उठायला सोयीची. मधल्याच्या मते वर, हवेशीर. माझ्या मते पुढं, ओटीला लागून. दर रविवारी नवं चित्र येई, दर रविवारी चहा होई, आणि ‘अजून एक बघू की’ म्हणून उठत असू. आठ महिने झाले. आई ब्याऐंशीची. ती सगळं ऐकत जुन्या ओसरीवर बसून असे. एकदा फक्त म्हणाली, “मी असेपर्यंत ठरवा रे, म्हणजे झालं.”

आम्ही सगळे हसलो. आई हसली नव्हती, हे मला फराहबागेत आठवलं.

त्या रविवारी आम्ही संगणक तिच्यापुढं ठेवला. भाच्यानं एकेक पर्याय फिरवून दाखवला. भिंती उडत होत्या, खोल्या वळत होत्या. आईनं चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं आणि विचारलं, “हे सगळं छान आहे. पण मी बसू कुठं?”

शेवटी आमच्या म्हाताऱ्या गवंड्याला बोलावलं. मागच्या मोकळ्या जागेत त्यानं दोरी धरली आणि पांढरी फक्की टाकून अख्खा तळमजला खऱ्या मापात आखला. तिन्ही पर्याय जागच्या जागी. वरच्या खोलीसाठी जिन्यापाशी नुसती फुली. आई काठी टेकीत त्या रेघांमधून हिंडली. दारं तिनं दारातूनच ओलांडली, भिंतीवर पाय दिला नाही. न्हाणीघराजवळच्या खोलीत उभी राहिली आणि म्हणाली, “इथं कोण येणारे?” फुलीकडे पाहून नुसती मान हलवली. पुढच्या खोलीत मात्र तिनं खुर्ची मागवली. बसली. फाटकाकडे पाहिलं.

“इथून येणारं-जाणारं दिसतं. पण मध्ये हे काय?”

“जिना, आजी.”

“तो सरकव.”

माझी मान ताठ झाली होती ती खाली आली, कारण जिन्याचा तो पर्याय माझा होता. खोलीचा संच वेगळा आणि जिन्याचा वेगळा. एकाचा दुसऱ्याला अडथळा होतोय हे संगणकानं काही सांगितलं नव्हतं. ते खुर्चीत बसल्यावर दिसलं. मधला भाऊ म्हणाला, “मग जिना माझ्या पर्यायातला घ्या.” थोरला म्हणाला, “आणि न्हाणीघर पुढं आणा, रात्री लांब पडेल तिला.” आठ महिन्यांत जे झालं नव्हतं ते दहा मिनिटांत झालं, आणि चहासुद्धा न होता.

संध्याकाळी भाच्यानं सगळ्या पर्यायांसकट फाइलची एक प्रत तारीख घालून वेगळी ठेवली. तो म्हणतो, तशी पद्धतच आहे. महाल पाडायचा, पण नकाशा जपायचा. मग त्यानं माझं बोट त्या बटणावर ठेवलं. नक्की का, असं संगणकानं विचारलं. मी मागं वळून पाहिलं. आई अजून मागच्या अंगणात, भिंती नसलेल्या आपल्या खोलीत बसली होती. पावलं फक्कीनं पांढरी झाली होती आणि नजर फाटकावर होती.

मी बटण दाबलं आणि तिला आत बोलवायला गेलो.

“थांब जरा,” ती म्हणाली. “दुधवाला यायचाय. दिसतो का बघू.”